यात्रेकरूची गोष्ट, कानांनी वाचलेली

जॉन बन्यनच्या 'द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' या पुस्तकाचा नायक ख्रिश्चन घर सोडून निघतो, तेव्हा मागून बायकामुलांच्या हाका येत असतात आणि तो दोन्ही कानांत बोटे खुपसून 'जीवन, जीवन, सार्वकालिक जीवन' असे ओरडत मैदानातून धावत सुटतो. कान बंद करून सुरू होणारी ही गोष्ट पुढे मात्र जवळजवळ सगळी ऐकण्यावरच चालते. वाटेत भेटणाऱ्यांची बोलणी, काळोखातून येणारे आवाज, गाणी आणि अगदी शेवटी घंटांचा नाद, हेच या प्रवासाचे टप्पे आहेत. हे पुस्तक मी मुळात वाचले, संक्षेपात वाचले, मुलांसाठी नव्याने सांगितलेल्या रूपांत वाचले आणि गेली काही वर्षे वेगवेगळ्या आवाजांत ऐकत आलो आहे. या सगळ्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. हे पुस्तक बोलण्यातून जन्मले, बोलणे हाच त्याचा जीव आहे आणि म्हणून ते कानांनी वाचले की पूर्ण उमगते.

ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. विनाशनगरात राहणाऱ्या एका माणसाच्या पाठीवर ओझे आहे आणि हातातल्या ग्रंथात त्याने वाचले आहे की हे नगर जळून जाणार आहे. सुवार्तिक नावाचा एक गृहस्थ त्याला वाट दाखवतो. निराशेच्या दलदलीत रुतत, क्रुसापाशी ओझे गळून पडल्यावर हलका होत, दुर्गम टेकडी चढत, अपल्योन या दैत्याशी झुंजत, मायेच्या बाजारात आपला सोबती गमावत आणि शेवटी पूल नसलेली नदी ओलांडत तो स्वर्गनगरीत पोहोचतो. माणसांची आणि गावांची नावे त्यांच्या गुणदोषांवरूनच ठेवलेली आहेत, म्हणून याला रूपककथा म्हणतात. हे सारे एक स्वप्न आहे आणि ते पाहणारा निवेदक अधूनमधून 'मग मी स्वप्नात असे पाहिले की' असे म्हणत गोष्ट पुढे नेतो. पहिला भाग १६७८ मध्ये लंडनच्या नथानिएल पाँडर या प्रकाशकाने छापला. ख्रिश्चनची पत्नी ख्रिश्चियाना आणि तिची चार मुले यांच्या प्रवासाचा दुसरा भाग १६८४ मध्ये आला.

बन्यनचे स्वतःचे आयुष्य पाहिले की या पुस्तकात कानाला एवढे महत्त्व का, ते कळू लागते. त्याचा जन्म १६२८ मध्ये बेडफर्डजवळच्या एल्स्टो या खेड्यात झाला. बाप गावोगाव फिरून फुटकी भांडी सांधणारा कारागीर होता आणि मुलानेही तोच धंदा उचलला. एका रविवारी गावच्या मैदानात तो 'कॅट' नावाचा खेळ खेळत होता. हा खेळ म्हणजे आपला विटीदांडूच. विटीवर एक टोला मारून झाला होता आणि दुसरा मारण्यासाठी हात उचलला होता, तेवढ्यात त्याला आकाशातून आवाज ऐकू आला की पापे सोडून स्वर्गात जायचे आहे, की पापांसह नरकात? आपल्या आत्मकथनात ही आठवण सांगताना त्याने त्या दुसऱ्या टोल्याचा तपशीलही सोडलेला नाही.

घंटांची गोष्ट याहून हृदयस्पर्शी आहे. एल्स्टोच्या चर्चचा घंटाघराचा मनोरा चर्चपासून वेगळा, एकटा उभा आहे आणि तो आजही पाहता येतो. तरुण बन्यनला घंटा वाजवण्याचा मोठा नाद होता. पुढे धर्मभावना तीव्र झाल्यावर हा निरर्थक छंद आहे असे वाटून त्याने तो सोडला, पण मन मानेना, म्हणून तो नुसता पाहायला जाऊ लागला. मग मनात आले की घंटा निसटून अंगावर पडली तर? म्हणून तो मोठ्या तुळईखाली उभा राहू लागला. मग वाटले की घंटा भिंतीवर आपटून उसळली तर तुळईखालीही आपण मरू. तो सरकत सरकत दारात आला. शेवटी मनोराच कोसळेल या भीतीने तो तिथूनही पळाला. ज्या माणसाने हे भोगले त्याने पुढे ख्रिश्चन स्वर्गनगरीच्या वेशीतून आत जातो त्या क्षणी नगरातल्या साऱ्या घंटा आनंदाने वाजू लागल्याचे लिहिले. छापील पानावर मी त्या वाक्यावरून पुढे गेलो होतो. ऐकताना, वाचणाऱ्याने तिथे घेतलेल्या श्वासामुळे, एल्स्टोचा मनोरा डोळ्यांपुढे उभा राहिला.

आणि तिसरी घटना, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कामानिमित्त बेडफर्डला गेला असता एका दाराशी उन्हात बसलेल्या तीनचार गरीब बायका देवाविषयी बोलताना त्याने ऐकल्या. धर्मावर बोलायला तो स्वतः तेव्हा तरबेज होता, म्हणून जवळ गेला, पण त्यांचे बोलणे त्याच्या आवाक्यापलीकडचे निघाले. त्याने लिहिले आहे की त्या जणू आनंदानेच बोलत्या केलेल्या होत्या. बन्यनच्या आयुष्याला वळण लावणारी ही शिकवण त्याला व्यासपीठावरून मिळाली नाही. ओसरीवरच्या गप्पांतून, चोरून ऐकल्यासारखी, ती त्याच्या कानी आली. त्याच्या पुस्तकात माणसे एवढी का बोलतात, या प्रश्नाचे उत्तर मला त्या उन्हातल्या दारात सापडते.

परवान्याशिवाय उपदेश करतो म्हणून नोव्हेंबर १६६० मध्ये त्याला पकडले. 'उपदेश करणार नाही' एवढे कबूल केले असते तर तो सुटला असता. त्याने ते केले नाही आणि बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात काढली. घरी दुसरी पत्नी एलिझाबेथ आणि पहिल्या पत्नीपासूनची चार मुले होती. त्यांतली थोरली मेरी जन्मांध होती. तुरुंगात तो बुटांच्या नाड्यांना धातूची टोके बसवून विकत असे आणि त्यावर घर चालवायला हातभार लावत असे. तिथल्या स्टुलाच्या पायापासून त्याने बासरी केली होती आणि पहारेकरी आला की ती पुन्हा स्टुलाखाली जात असे, अशीही एक आख्यायिका बेडफर्डकडे सांगतात. तिच्या खरेपणाचा आग्रह मी धरणार नाही, पण ज्याची जीभ सरकारने बांधायला काढली त्या माणसाविषयी लोकांनी नेमकी अशी गोष्ट जपावी, हे मला योग्य वाटते. पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात निवेदक जगाच्या रानातून चालता चालता एका गुहेपाशी येतो आणि तिथे झोपी जातो. ही गुहा म्हणजे तुरुंग, असे पुढच्या आवृत्तीच्या समासात छापलेले आहे.

ते समास ही मात्र ऐकणाऱ्याची खरी हानी. बन्यनच्या पानांच्या कडेला बायबलमधले संदर्भ आणि लहान लहान शेरे आहेत आणि मुख्य मजकुराशी त्यांचा सतत संवाद चाललेला असतो. आवाजात ते येत नाहीत. एका वाचकाने ते मध्येच वाचून दाखवण्याचा प्रयत्न केलेला मी ऐकला आहे आणि त्यामुळे गोष्टीची लय पार मोडून गेली. हे नुकसान सोसावेच लागते.

पहिल्या वाचनात मी संवादांची पाने भराभर उलटली होती. दलदल, दैत्य, सिंह, गड हे सगळे चवीने वाचावे आणि दोन माणसे चालता चालता धर्मचर्चा करू लागली की पुढच्या प्रसंगावर उडी घ्यावी, असे बहुतेकांचे होत असावे. पुढे लिब्रिवॉक्सवर, जिथे स्वयंसेवक जुनी पुस्तके वाचून सर्वांसाठी विनामूल्य ठेवतात, मला या पुस्तकाचे संपूर्ण वाचन मिळाले. वाचणारा नट नव्हता. मागे कुठे पान उलटल्याचा आवाज येई, कुठे खुर्ची करकरे. पण तो काहीही गाळत नव्हता, त्यामुळे मलाही गाळता येईना, आणि मग ज्या पानांना मी पाल्हाळ समजत होतो त्यांतून माणसे बोलू लागली.

मतलबी या पात्राचेच घ्या. तो ख्रिश्चनला आणि त्याचा सोबती आशावंत याला वाटेत भेटतो, स्वतःचे नाव सांगत नाही, पण आपले गाव गोडबोल्यांचे आहे आणि तिथे आपले बडे बडे नातलग आहेत, हे आवर्जून ऐकवतो. कोणी वाऱ्यानुसार फिरणारा, कोणी दोन्हीकडे तोंड असलेला, तर गावचा पाद्री दोन जिभांचा आणि तो याचा सख्खा मामा. मग तो अभिमानाने सांगतो की माझे पणजोबा साधे नावाडी होते, बघत एकीकडे आणि वल्हवत दुसरीकडे, आणि माझी बरीचशी दौलत मी त्याच धंद्यावर मिळवली आहे. धर्म चांदीच्या सपाता घालून ऊन पडलेल्या रस्त्यावरून चालत असेल आणि लोक टाळ्या वाजवत असतील तर त्याच्या बरोबर चालायला याला फार आवडते. हे कागदावर वाचताना मी नावांचे अर्थ लावत बसलो होतो. कानांवर पडले तेव्हा एक खराखुरा, खानदानी, सुखवस्तू माणूस समोर बसून गोड बोलतो आहे असे वाटले आणि त्याचा राग येण्याआधी तो थोडा आवडूनही गेला. बन्यनला हेच हवे असणार, कारण असा माणूस आवडला नाही तर तो धोकादायक कसा ठरेल? सतराव्या शतकात या पुस्तकाचे कितीतरी वाचक खरे तर श्रोते होते. घरात वाचता येणारा एखादाच असे आणि बाकीचे भोवती बसून ऐकत. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लागते, तसेच ते होते. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी मध्ये मध्ये बोलायचे.

हे मला अनुभवाने कळले ते आईमुळे. माझी आई नगरकडची, रेव्हरंड टिळकांची भजने तिला तोंडपाठ. मोतीबिंदूने तिची नजर अधू झाली त्या काळात संध्याकाळी मी तिला हे पुस्तक इंग्रजीवरून सरळ मराठीत सांगत वाचून दाखवीत असे. संशयगडाचा प्रसंग चालला होता. ख्रिश्चन आणि आशावंत वाट चुकून नैराश्य नावाच्या राक्षसाच्या रानात झोपतात, तो त्यांना पकडून अंधारकोठडीत टाकतो आणि बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, उजेड नाही असे ते तिथे पडून राहतात. राक्षसाची बायको त्याला रोज रात्री नवा सल्ला देते. एके दिवशी तो त्यांना सोट्याने बडवतो. दुसऱ्या दिवशी म्हणतो, सुरी आहे, दोर आहे, विष आहे, आपणच आपला शेवट करून घ्या. तिसऱ्या दिवशी आधीच्या यात्रेकरूंची हाडे दाखवतो. ख्रिश्चन खचतो आणि आशावंत त्याला धरून ठेवतो, मागे तू कोणाकोणाशी झुंजलास ते आठव असे सांगत राहतो. शनिवारी मध्यरात्री दोघे प्रार्थनेला बसतात आणि पहाट व्हायच्या सुमारास ख्रिश्चन एकदम उठून म्हणतो, मी केवढा मूर्ख, माझ्या छातीशी 'वचन' नावाची किल्ली आहे आणि ती या गडाचे कोणतेही कुलूप उघडील!

"म्हणजे किल्ली पहिल्यापासून त्याच्याकडेच होती?" आईने विचारले.

"हो."

"आणि एवढे दिवस मार खाल्ला?"

"हो, आई."

ती काही बोलली नाही. मी पुढे गेलो. कोठडीचे दार उघडते, अंगणाचे उघडते, बाहेरच्या लोखंडी फाटकाचे कुलूप फार जड जाते पण तेही उघडते, आणि ते फाटक ढकलताना इतके करकरते की राक्षस जागा होतो. तो मागे धावायला उठतो आणि त्याचे हातपाय लुळे पडतात, कारण त्याला झटके येतात आणि तेही ऊन पडले की येतात, हे आधी सांगून झालेले आहे. "उजाडलं असणार," आई म्हणाली. मी ते जोडून पाहिले नव्हते. पहाट व्हायला आलेली होती, हे बन्यनने मांडून ठेवले होते आणि झटक्यांचे कारणही पूर्वीच देऊन ठेवले होते. दोन्ही धागे तिने ऐकता ऐकता गाठले. मग तिने फाटकाचा भाग पुन्हा वाचायला लावला.

फाटकाच्या त्या करकरीवर कोणत्याही नभोनाट्यकाराची उडी पडणारच आणि पडावीही. पण आधुनिक ध्वनिनाट्यांविषयी माझी एक तक्रार आहे. मेघगर्जना, खणखणाट, वाद्यवृंद यांचा भडिमार करून ती शब्दांना जागाच ठेवत नाहीत. अपल्योनच्या युद्धात गर्जना हवीच, कारण बन्यन स्वतः म्हणतो की त्या लढाईभर तो दैत्य कसा भेसूर ओरडत होता ते प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्याखेरीज कल्पनेत येणार नाही. पण त्याच वाक्यात दुसऱ्या बाजूने ख्रिश्चनच्या काळजातून फुटणारे उसासे आणि कण्हणेही आहे. ते गर्जनेखाली बुडाले तर लढाई एकतर्फी होते.

खरी परीक्षा मृत्युच्छायेच्या दरीत होते. अंधारात, एका बाजूला खंदक आणि दुसऱ्या बाजूला चिखल अशा अरुंद वाटेवरून ख्रिश्चन चालला आहे आणि एक दुष्टात्मा हळूच मागून येऊन त्याच्या कानात देवनिंदेचे शब्द कुजबुजतो. ख्रिश्चनला ते आपल्याच मनातून आले असे वाटते. ज्याच्यावर मी इतके प्रेम केले त्याची मी निंदा करतो आहे, या जाणिवेने तो आधीच्या सगळ्या संकटांपेक्षा जास्त हादरतो. कान झाकावेत किंवा हे शब्द कुठून आले ते ओळखावे, एवढा विवेक त्याला त्या क्षणी राहत नाही, असे बन्यन लिहितो. हा माणूस घंटेच्या भीतीने दारापर्यंत सरकत गेलेला होता. नको ते विचार मनात कसे घुसतात, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. मी ऐकलेल्या एका नाट्यरूपात ही कुजबुज ख्रिश्चनचे काम करणाऱ्या नटाच्याच आवाजात, अगदी जवळून, विनासंगीत दिली होती. हेडफोनवर ऐकताना क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. चित्रपटाला हे जमणे कठीण, कारण तिथे कुजबुजणारा दिसतो, आणि तो दिसला की ख्रिश्चनचा गोंधळ आपला राहत नाही. या पुस्तकावरच्या २०१९ च्या ॲनिमेशनपटात रंग आणि वेग भरपूर आहेत, मुलांना तो आवडतो आणि का आवडतो ते मला समजते, पण या दरीसाठी मी आवाजाकडेच जाईन.

त्याच दरीत थोडे पुढे अंधारातून कुणा दुसऱ्या माणसाचा आवाज येतो. तो तेविसावे स्तोत्र म्हणत चालला आहे, तू माझ्याबरोबर आहेस म्हणून मी भिणार नाही. ख्रिश्चनला तो दिसत नाही, हाक मारली तर उत्तर येत नाही, पण या वाटेवर आपण एकटे नाही एवढे कळते आणि तेवढ्यावर तो सकाळपर्यंत चालतो. याच वाटेवर त्याच्या पुढे चाललेला विश्वासू हा सोबती त्याला मग दरी संपल्यावर भेटतो.

या पुस्तकाशी अनेक मराठी वाचकांची पहिली गाठ दुसऱ्याच एका घरात पडली असेल. लुईसा मे ऑल्कॉटच्या १८६८ च्या 'लिटल विमेन'मधल्या, म्हणजे शांता शेळके यांनी 'चौघीजणी' म्हणून मराठीत आणलेल्या कादंबरीतल्या, मार्च बहिणी लहानपणी हीच यात्रा घरात खेळलेल्या असतात. आईच्या कापडाच्या तुकड्यांच्या पिशव्या ओझे म्हणून पाठीवर, तळघर म्हणजे विनाशनगर आणि घराचा माथा म्हणजे स्वर्गनगरी. एखाद्या पुस्तकाचे सर्वांत सुंदर पुनर्कथन दुसऱ्या पुस्तकातल्या खेळात दडलेले असावे, ही मला मोठी आनंदाची गोष्ट वाटते. मुलांसाठी केलेल्या बाकीच्या रूपांविषयी मी फार बोलणार नाही. एनिड ब्लायटनने १९४२ मध्ये हीच कल्पना घेऊन मुलांच्या पाठीवर त्यांच्या खोड्यांची ओझी दिली, आणि ओझे खोडकरपणाचे झाले की क्रुसाशी ते गळून पडण्यातले रडू येणारे सुख कमी होते. हेलन टेलरच्या मुलांसाठीच्या पुनर्कथनातल्या लहान यात्रेकरूला जो सट्फिन यांनी २०२१ मध्ये सशाचे रूप दिले, ती चित्रे मात्र फार मायेने काढलेली आहेत. १८६९ मध्ये इंग्रजीत एकाच उच्चाराचे, म्हणजे एका सिलेबलचे, लहान शब्द तेवढे वापरून हे सारे पुस्तक पुन्हा लिहिले गेले. ती कसरत वाटते, पण मोठ्याने वाचून पाहिली तर टाळ्यांसारखी लय लागते. या सगळ्यांनी राक्षस ठेवले आणि बोलणी कापली. मुलांना बोलणी कंटाळवाणी वाटतील, हे गृहीत धरणे मला पटत नाही. नावाड्याच्या पणतूचे बोलणे कोणत्याही दहा वर्षांच्या मुलाला कळेल.

संगीतकार राल्फ वॉन विल्यम्स यांनी या पुस्तकाची साथ जवळजवळ आयुष्यभर केली. १९०६ मध्ये त्यांनी एका हौशी प्रयोगासाठी त्यावर संगीत रचले, १९२२ मध्ये रम्य पर्वतांवरच्या मेंढपाळांचा प्रसंग छोट्या संगीतिकेत बांधला आणि १९५१ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये त्यांची पूर्ण संगीतिका रंगमंचावर आली. स्वतः ते अज्ञेयवादी होते. नायकाचे नाव बदलून त्यांनी ते नुसते 'यात्रेकरू' असे केले, म्हणजे कोणत्याही श्रद्धेच्या माणसाला ही वाट आपली म्हणता यावी. बन्यनला हे रुचले नसते, याविषयी मला शंका नाही. मी स्वतः चर्चमध्ये वाढलेला माणूस असूनही मला ते संगीत श्रद्धेच्या आत उभे राहून लिहिल्यासारखे ऐकू येते. १९४३ च्या त्यांच्या पाचव्या सिंफनीत या संगीतिकेचे सूर आधीच येऊन गेले आहेत. तिच्या संथ भागाच्या हस्तलिखितावर क्रुसापाशी ओझे गळाल्यानंतरचे ख्रिश्चनचे शब्द त्यांनी लिहिले होते, त्याने आपल्या दुःखाने मला विसावा दिला आणि आपल्या मरणाने मला जीवन दिले. बाहेर युद्ध चालू होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बीबीसीने या पुस्तकाचे नभोनाट्य प्रसारित केले, संगीत वॉन विल्यम्स यांचे आणि ख्रिश्चन झाले होते इंग्लिश नट जॉन गिलगुड, वय ३९. पुढे १९९० मध्ये त्याच संगीताभोवती गुंफलेला एक कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला आणि त्यातही गिलगुड यांचाच आवाज आहे, आता पंचाऐंशी उलटलेला. तो मी पुन्हा पुन्हा ऐकतो. आवाजाची धार बोथट झालेली आहे आणि वाक्याच्या शेवटी श्वास किंचित कमी पडतो. नदी या नटाच्या आता जवळ आहे हे आपल्याला माहीत असते, आणि बन्यनची नदी म्हणजे मरणच. तिथे ख्रिश्चन बुडू लागतो, त्याला अंधारी येते, आणि आशावंत त्याचे डोके पाण्यावर धरून म्हणतो, धीर धर भावा, मला तळ लागतो आहे आणि तो चांगला आहे.

मराठीत ही गोष्ट फार लवकर आली. हरि केशवजी यांचे 'यात्रिकक्रमण' १८४१ चे, म्हणजे बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' या सुरुवातीच्या मराठी कादंबरीच्या सोळा वर्षे आधीचे. मराठी गद्याने कथा सांगायला नुकती सुरुवात केली होती त्या दिवसांत हा इंग्लंडमधला भांडीवाला आपल्याकडे मराठी बोलू लागला होता, याचे मला अगत्य आहे आणि मराठी वाङ्मयाच्या चर्चेत त्याचा उल्लेख अधिक मोकळेपणाने व्हावा असे वाटते.

एक जागा अशी आहे जिथे कोणतेही रूपांतर मला समाधान देत नाही आणि मूळही अस्वस्थ करते. अज्ञान नावाचा एक तरुण बहुतेक वाट आनंदाने चाललेला असतो. नदीही तो एका नावाड्याच्या मदतीने सहज ओलांडतो, पण वेशीवर दाखवायचा दाखला त्याच्यापाशी नाही. त्याचे हातपाय बांधून त्याला टेकडीच्या कुशीतल्या एका दारातून खाली टाकतात आणि निवेदक म्हणतो, मग मला दिसले की स्वर्गाच्या वेशीपासूनही नरकाला वाट जाते. लगेच पुढचे वाक्य, मी जागा झालो आणि पाहतो तर ते स्वप्न होते. मुलांच्या बहुतेक आवृत्त्या हे गाळतात. त्यांना मी दोष देत नाही, पण मोठ्यांच्या ध्वनिरूपांनी ते गाळावे हे मला मान्य नाही. घंटांच्या नादानंतर हा भाग ऐकवत नाही, आणि तो तसाच ऐकला पाहिजे असे मला वाटते. बन्यनला शेवट गोड करता येत होता, त्याने केला नाही.

आणि कदाचित म्हणूनच सहा वर्षांनी त्याने दुसरा भाग लिहिला. ध्वनिरूपे करणारे याच्याकडे फारसे वळत नाहीत, ही माझी सर्वांत मोठी खंत आहे. त्यात लढाया कमी, मुक्काम जास्त. बायका, मुले, म्हातारे, पांगळे, घाबरट अशी सगळी मंडळी विशालहृदय नावाच्या वाटाड्याबरोबर हळूहळू चालतात. एका संध्याकाळी हा वाटाड्या भयभीत नावाच्या एका जुन्या यात्रेकरूची गोष्ट सांगतो. हा माणूस निराशेच्या दलदलीपाशी महिनाभर रडत पडून होता. ओलांडायचे धाडस होईना आणि परत जायलाही तयार नाही. त्याच्या मनातच एक दलदल होती आणि तो जाईल तिथे ती त्याच्याबरोबर जात असे. पण नम्रतेच्या दरीत, जिथे ख्रिश्चनला अपल्योन भेटला, तिथे हा सुखावला. तो जमिनीवर आडवा होई, मातीला कवटाळी, फुलांचे मुके घेई. मृत्युच्छायेच्या दरीत तो मरून जाईल असे वाटाड्याला वाटले होते, पण ती दरी त्या वेळेइतकी शांत त्याने कधी पाहिली नव्हती. आणि नदीशी आला तेव्हा पाणी इतके उतरलेले होते की घोटे भिजण्यापलीकडे त्याला काही झाले नाही. हे सारे एक माणूस दुसऱ्याला चालता चालता सांगतो आहे, प्रसंग म्हणून एकही दाखवलेला नाही, आणि म्हणून नाट्यरूपांतर करणारे पहिली कात्री इथेच लावतात. आईला हा भाग वाचून दाखवला तेव्हा तिने मध्ये एकदाही थांबवले नाही. दुसऱ्या दिवशी तिने तोच पुन्हा मागितला.

माझी इच्छा आहे की हा दुसरा भाग कोणीतरी मराठीत पूर्ण वाचून ध्वनिमुद्रित करावा. संगीत नको, मेघगर्जना नको. एकच आवाज, शक्यतो पन्नाशी उलटलेल्या बाईचा, जिने घरात आजारी माणसांचे केलेले आहे. ख्रिश्चियानाची मुले वाटेत जे बाळबोध प्रश्न विचारतात ते सगळे ठेवावेत, कोड्यांची लांबलचक रात्र ठेवावी, मॅथ्यू हिरवी फळे खाऊन पोट दुखून लोळतो ते ठेवावे आणि यात्रेकरूंची गाणी आपल्या भजनांच्या चालींवर म्हणावीत. भयभीताच्या हकिकतीला घाई करू नये. तिला पाऊण तास लागला तरी हरकत नाही.